नाव कुणाच्या वहीत?

(सीफ येथे झालेल्या आपल्या मासिक बैठकीतील भाषणाचा मजकूर. फळ्यावरची आकडेमोड इथे थोडी आवरती घेतली आहे.)



मागच्या बैठकीनंतर चहा पिताना आपल्यापैकी एकांनी मला सुचवलं होतं, की पुढच्या खेपेला तुम्ही तुमच्या विषयावर बोला. माझा विषय गंज. समुद्रकाठच्या हवेत धातू कसे झिजतात यावर मी डॉक्टरेट केली आणि गेली बरीच वर्षं त्याच कामाचा पगार घेते आहे. बहारीनमध्ये या विषयाला मरण नाही. पण आज मी त्यावर बोलणार नाही. आज पैशाबद्दल बोलणार आहे. ट्रेझरी बिल म्हणजे काय, सरकारी रोखा म्हणजे काय, आणि "सरकारी आहे, बुडणार नाही" असं कुणी म्हणतं तेव्हा त्यातलं किती खरं असतं, एवढंच. मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी नाही, कुठल्या कंपनीची एजंट नाही, आणि शेवटी कुणाच्या हातात फॉर्म देणार नाही. हे आधीच सांगते, कारण इथल्या कॉफीच्या दुकानांत पैशाबद्दल गोड बोलणारं माणूस भेटलं की शेवटी फॉर्म निघतोच.

या विषयाला कारण झाले आमच्या प्रयोगशाळेतले एक फिटर. रत्नागिरी जिल्ह्यातले. चोवीस वर्षं इथे आहेत. ते मला ताई म्हणतात, मी त्यांना दादा म्हणते. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत ते मोबाइल घेऊन आले. म्हणाले, "ताई, हे सरकारी बॉण्ड आहेत का, जरा बघून सांगा." चार पानांचं रंगीत पत्रक होतं. वर तिरंग्याची पट्टी, खाली वर्षाला चौदा टक्के व्याज, आणि कोपऱ्यात "सरकारमान्य" असा शिक्का. दादांना गावी परत जायचं होतं. मुलीचं शिक्षण संपत आलंय, घराचं छप्पर बदलायचं राहिलंय, आणि हातात येणार ती नोकरी संपल्याची रक्कम.

या रकमेचा हिशोब आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नसतो, म्हणून सांगते. बहारीनच्या २०१२ च्या कामगार कायद्याप्रमाणे परदेशी कामगाराला पहिल्या तीन वर्षांसाठी दर वर्षी अर्धा पगार आणि त्यानंतर दर वर्षी एक पगार, असं नोकरी संपताना मिळतं. मार्च २०२४ पासून मालकाला ही रक्कम दरमहा सामाजिक विमा संस्थेकडे भरावी लागते, पहिली तीन वर्षं पगाराच्या ४.२ टक्के आणि पुढे ८.४ टक्के. हिशोब तोच राहतो, फक्त पैसा मालकाच्या तिजोरीत न राहता बाहेर जमा होतो. दादांच्या चोवीस वर्षांचे झाले साधारण साडेबावीस महिन्यांचे पगार. इथे आपल्याला पेन्शन नाही. ही रक्कम आयुष्यात एकदा येते. ती चुकीच्या ठिकाणी गेली, तर पुन्हा चोवीस वर्षं फिटरकी करायला अंग राहत नाही.

मी पत्रक शेवटपर्यंत वाचलं. चौथ्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत, एका खासगी कंपनीचं नाव होतं. ती कंपनी कर्ज काढत होती आणि त्या कर्जाला बॉण्ड म्हणत होती. खोटं असं काही नव्हतं त्यात. कंपनीच्या कर्जाला बॉण्ड म्हणतातच. "सरकारमान्य" याचा अर्थ एवढाच, की कंपनीची सरकारदरबारी नोंदणी झाली आहे. तशी ती पानाच्या टपरीचीही होते.

दादांना मी लगेच शहाणपण शिकवायला गेले नाही, कारण याच शब्दानं मी स्वतः फसले आहे. मी बहारीनला नवीन होते. सीफमध्येच, मॉलच्या समोरच्या एका कॉफीच्या दुकानात, उत्तम टाय लावलेला एक गृहस्थ मला तीनदा भेटला आणि तिसऱ्या वेळी मी सही केली. दरमहा तीनशे दिनार. तो "बॉण्ड" म्हणत होता, मी सरकारी बॉण्ड समजत होते, आणि त्यानं मला कधी दुरुस्त केलं नाही. दीड वर्षानं घर बदललं, खर्च वाढला, तेव्हा थोडे पैसे काढावेत म्हणून मी ते कागद प्रथमच नीट वाचले. तो पंचवीस वर्षांचा विमा-बचतीचा करार होता. पहिल्या अठरा महिन्यांचे हप्ते मुदत पूर्ण होईपर्यंत अडकलेले. मध्येच सोडलं तर त्यातलं काहीही परत नाही. पाच हजार चारशे दिनार. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण करारात सगळं लिहिलेलं होतं आणि खाली सही माझीच होती. प्रयोगशाळेत कुणी पुराव्याशिवाय एक वाक्य बोललं तर त्याचा पिच्छा पुरवणारी मी, पंचवीस वर्षांच्या करारावर फक्त तोंडी बोलण्यावर सही करते! आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिनं एकच प्रश्न विचारला, "पण ते पैसे दिले कुणाला?" मला उत्तर देता आलं नाही.

तर हा प्रश्न घेऊन पुढे जाऊ.

आपल्याकडे बॉण्ड या शब्दाचा फार गोंधळ आहे. आयुर्विम्याच्या पॉलिसीच्या कागदाला गावोगावी बॉण्ड म्हणतात. स्टॅम्प पेपरला बॉण्ड पेपर म्हणतात. डॉक्टर होणाऱ्या मुलांना सरकारी नोकरीचा बॉण्ड लिहून द्यावा लागतो. मधल्या काळात निवडणूक रोखेही आले. ना व्याज, ना परतफेड. ते सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवले. खरा रोखा म्हणजे कर्ज. कुणीतरी उसने पैसे घेतले आहेत, ते अमुक तारखेला परत देणार आहे, आणि मध्ये व्याज देणार आहे. यातला "कुणीतरी" म्हणजे सरकार असेल तर तो सरकारी रोखा. जुना मराठी शब्द कर्जरोखा जास्त प्रामाणिक होता. तो ऐकला की निदान कुणी कुणाला कर्ज दिलं हे विचारावंसं वाटतं.

ट्रेझरी बिल म्हणजे सरकारनं लिहून दिलेली मुदती हुंडी. भारतात ती ९१, १८२ आणि ३६४ दिवसांची असते. रिझर्व्ह बँक सरकारच्या वतीनं बुधवारी तिचा लिलाव करते. व्याज वेगळं मिळत नाही. शंभर रुपयांची हुंडी आज कमी किमतीला घ्यायची आणि मुदतीला पूर्ण शंभर घ्यायचे. समजा ९१ दिवसांची हुंडी ९८ रुपये ४० पैशांना मिळाली. तीन महिन्यांत १ रुपया ६० पैसे सुटले. वर्षाच्या हिशोबानं हे साधारण साडेसहा टक्के होतात. झालं, यात एवढंच आहे. इथे बहारीनची मध्यवर्ती बँकही हेच करते. ९१ दिवसांच्या हुंड्या ती दर आठवड्याला विकते, आणि आकारापेक्षा किती जास्त मागणी आली याची चार ओळींची बातमी इथल्या वर्तमानपत्रात येते. आपण ती ओलांडून पुढे जातो.

एक वर्षाच्या आत परत यायच्या अशा कर्जांच्या बाजाराला मनी मार्केट म्हणतात. ट्रेझरी बिल हा त्यातला सगळ्यात सज्जन सभासद. बँकांनी एकमेकींना एका रात्रीपुरते दिलेले पैसे, बँकांची ठेव प्रमाणपत्रं, कंपन्यांचे कमर्शियल पेपर, ही बाकीची मंडळी. "मनी मार्केट फंड आहे, बँकेत ठेवल्यासारखंच" असं कुणी सांगितलं तर त्या फंडात यापैकी कोण कोण बसलं आहे ते विचारा. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेत रिझर्व्ह प्रायमरी नावाच्या फंडात लेहमन ब्रदर्सचे ७८.५ कोटी डॉलरचे कागद होते. लेहमन बुडाली आणि कायम एक डॉलर राहणारं या फंडाचं युनिट ९७ सेंटवर आलं. सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबईत आयएल अँड एफएसनं कमर्शियल पेपरचे पैसे चुकवले, तेव्हा थोड्याच आठवड्यांपूर्वीपर्यंत तिला सर्वोच्च मानांकन होतं. मुदत लहान आहे म्हणजे कर्जदार चांगला आहे, असं होत नाही.

आता लांब मुदतीचे रोखे. यांची नावं वाचायला शिकलं की अर्धी भीती जाते. "७.१८ टक्के जीएस २०३३" म्हणजे भारत सरकारचा रोखा, वर्षाला शंभरामागे ७ रुपये १८ पैसे, दर सहा महिन्यांनी निम्मे निम्मे, आणि २०३३ साली मुद्दल परत. पाच वर्षांचे असतात, दहा वर्षांचे असतात, चाळीस वर्षांचे असतात. २०२३ साली तर सरकारनं पन्नास वर्षांचा रोखा पहिल्यांदा काढला. तो आपल्या वयाच्या माणसानं घ्यायचा म्हणजे नातवाशी आधी बोलून घ्यायला हवं.

इथे बहुतेकांची गल्लत होते, म्हणून मी फळ्यावर आकडे मांडते. तुम्ही सात टक्क्यांचा दहा वर्षांचा रोखा शंभर रुपयांना घेतला. दुसऱ्या दिवशी बाजारातला दर आठ टक्के झाला. आता तुमचा सात टक्केवाला रोखा शंभरला कोण घेईल? तो विकायला गेलात तर साधारण ९३ रुपये येतील. दर उलटा सहा टक्क्यांवर आला असता तर १०७ आले असते. सरकार तेच, सही तीच, व्याज वेळेवर. तरीही सात रुपये गेले. मुदत संपेपर्यंत थांबलात तर शंभर मिळतीलच. पण मुलीचं लग्न किंवा आजारपण रोख्याची मुदत पाहून येत नाही. हाच एका टक्क्याचा फरक ९१ दिवसांच्या हुंडीच्या किमतीत जेमतेम पंचवीस पैशांचा पडतो. म्हणजे मुदत जितकी लांब तितका झोका मोठा.

कॅलिफोर्नियातली सिलिकॉन व्हॅली बँक नेमकी या झोक्यानं पडली. तिच्याकडे अमेरिकन सरकारचे आणि सरकारी पाठबळाचे लांब मुदतीचे रोखे होते. मार्च २०२२ ते जुलै २०२३ या काळात अमेरिकेचा व्याजदर शून्याजवळून साडेपाच टक्क्यांपर्यंत गेला. वाटेत, मार्च २०२३ मध्ये, ठेवीदार पैसे मागू लागले. बँकेनं २१०० कोटी डॉलरचे रोखे १८० कोटी डॉलरचं नुकसान सोसून विकल्याचं ८ मार्चला जाहीर केलं. १० मार्चला बँक बंद झाली. तिच्या रोख्यांपैकी एकाही सरकारी रोख्याचं व्याज चुकलं नव्हतं.

पण आपल्या लोकांचे पैसे सरकारी रोख्यांत बुडाले, ते या कारणानं नाही. ती गोष्ट वेगळी आहे, आपल्याच मातीतली आहे, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते.

मी कराडच्या बाजूची. १९९२ साली शाळेत होते. हर्षद मेहता प्रकरण बाहेर आलं तेव्हा मुंबईच्या मोठमोठ्या बँकांच्या यादीत अचानक बँक ऑफ कराडचं नाव आलं आणि मोठी माणसं कुजबुजायला लागली. ते काय होतं हे मला खूप उशिरा, स्वतःचे पैसे गेल्यावर वाचताना कळलं. त्या काळी सरकारी रोख्यांच्या मालकीची नोंद रिझर्व्ह बँकेच्या सार्वजनिक कर्ज कार्यालयात हातानं व्हायची. नोंद व्हायला वेळ लागायचा, चुका व्हायच्या. म्हणून बँकांनी एक सोय काढली. रोखे विकणारी बँक घेणाऱ्या बँकेला चिठ्ठी द्यायची, "पैसे मिळाले, रोखे मागाहून देऊ." हिचं नाव बँक रिसीट. मग रोख्यांऐवजी या चिठ्ठ्याच हातोहात फिरू लागल्या. आणि काही बँकांनी हातात रोखे नसतानाच चिठ्ठ्या लिहून दिल्या. त्यातली एक बँक ऑफ कराड, दुसरी मेट्रोपॉलिटन सहकारी बँक. चिठ्ठी घेणारे म्हणत राहिले, आमच्याकडे सरकारी रोखे आहेत. वहीत त्यांचं नाव नव्हतं. २३ एप्रिल १९९२ ला सुचेता दलाल यांची बातमी टाइम्स ऑफ इंडियात आली आणि चिठ्ठ्यांचा हा डोलारा खाली आला. बँक ऑफ कराड अवसायनात गेली आणि १९९४ साली बँक ऑफ इंडियात मिसळली.

यातून सगळे शहाणे झाले असतील असं तुम्हाला वाटेल. बरोबर दहा वर्षांनी, २००२ साली, नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेची भानगड निघाली. ही शेतकऱ्यांची बँक. पीककर्ज देणारी. बँकेनं सरकारी रोख्यांत गुंतवायला म्हणून काही दलाल कंपन्यांना सुमारे १२५ कोटी रुपये दिले होते. त्यात वाशीची होम ट्रेड ही कंपनी होती. आठवतंय का नाव? सचिन तेंडुलकर, शाहरुख खान, हृतिक रोशन तिच्या जाहिरातीत होते. बँकेनं पैसे दिले, दलालांनी "तुमच्यासाठी अमुक रोखे घेतले" असा कागद दिला, आणि रोखे कधी आलेच नाहीत. वर्धा आणि उस्मानाबादच्या जिल्हा बँकाही होम ट्रेडच्या जाळ्यात सापडल्या. खटला एकवीस वर्षं चालला. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या न्यायालयानं बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष आणि नंतर राज्याचे मंत्री झालेले सुनील केदार यांच्यासह सहा जणांना दोषी ठरवून पाच वर्षांची शिक्षा दिली. त्याविरुद्ध अपील झालं आणि जानेवारी २०२४ मध्ये उच्च न्यायालयानं केदार यांना जामीन दिला. न्यायालयाचं काम न्यायालय करील. मी बघते ते एवढंच, की या सगळ्या काळात भारत सरकारनं आपल्या एकाही रोख्याचे पैसे बुडवले नाहीत. सरकार बुडालं नाही आणि शेतकऱ्यांचा पैसा मात्र गेला. कारण बँकेच्या कपाटात होता तो दलालाचा कागद. सरकारच्या वहीत बँकेचं नाव चढलंच नव्हतं.

सरकारी रोखा ही एक नोंद आहे. पूर्वी कागद होता, आता तोही नाही. रिझर्व्ह बँकेच्या वहीत माझ्या नावापुढे आकडा आहे की नाही, एवढाच प्रश्न. नसेल, तर माझ्या हातात आहे तो दुसऱ्या कुणाचा तरी शब्द. कधी तो शब्द चांगला असतो. चांगल्या म्युच्युअल फंडाचा, चांगल्या बँकेचा. पण मग आपण कर्ज दिलंय ते त्यांना की सरकारला, याचा विचार वेगळा करायला हवा.

२००२ नंतर नियम बदलले. बँकांना सरकारी रोखे संगणकावरच्या खात्यात ठेवणं सक्तीचं झालं. त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबईत क्लिअरिंग कॉर्पोरेशन सुरू झालं होतं. ते घेणारा आणि देणारा यांच्या मध्ये उभं राहतं, पैसे आणि रोखे एकदमच हात बदलतात. "मागाहून देऊ" हे वाक्यच संपलं. सामान्य माणसाला मात्र या वहीत थेट शिरायला नोव्हेंबर २०२१ उजाडावा लागला. रिझर्व्ह बँकेनं रिटेल डायरेक्ट नावाची योजना आणली. खातं रिझर्व्ह बँकेकडे, फी नाही, कमीत कमी दहा हजार रुपये. मे २०२४ मध्ये तिचं मोबाइल ॲप आलं. परकीय चलन कायद्याखाली आपल्यासारख्या अनिवासींनाही ती खुली आहे. पॅन, भारतातलं रुपयांचं बँक खातं, ओळखीचे कागद, ईमेल आणि फोन लागतो. लिलावात किंमत सांगायची गरज नाही. बड्या बँका बोली लावतात, त्यांची सरासरी किंमत आपल्याला पडते. एजंटला यात काही मिळत नाही. म्हणून सीफमधल्या कुठल्याही कॉफीच्या दुकानात या योजनेचं नाव मला कुणी सांगितलं नाही.

आपल्यापैकी बऱ्याच जणांचे पैसे एनआरई ठेवीत असतात, ते चूक नाही. अनिवासी असेपर्यंत त्या व्याजावर भारतात कर नाही, आणि सरकारी रोख्याच्या व्याजावर तो आहे. हा फरक मोठा आहे. अनेकांना ठेवच जास्त परवडेल. पण ठेव म्हणजे बँकेला दिलेलं कर्ज हे विसरू नका. ठेवीवरचा विमा २०२० पासून एका बँकेत एका माणसाला पाच लाख रुपये. सप्टेंबर २०१९ मध्ये भांडुपच्या पीएमसी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा पहिल्यांदा ठेवीदाराला फक्त एक हजार रुपये काढता येत होते. चोवीस वर्षांची रक्कम एकाच सहकारी बँकेत, तीही चुलतभाऊ संचालक आहे म्हणून ठेवणारे लोक आपल्यात आहेत. नावं घेत नाही, ते इथे बसलेत.

आणि चलन. एक गंमत सांगते. १९५९ साली आखातासाठी रिझर्व्ह बँकेनं खास नोटा काढल्या होत्या. बहारीनमध्ये रुपयाच चालायचा. १९६५ साली दिनार आला तेव्हा दहा रुपयांना एक दिनार पडला. अजूनही इथले लोक शंभर फिल्सला रुबिया म्हणतात, म्हणजे दिनाराचा दहावा भाग, म्हणजे एक रुपया. खरा रुपया त्या रुबियापासून किती दूर गेला हे आपण दर महिन्याला पैसे पाठवताना बघतो. आज एका दिनाराला दोनशेच्या वर रुपये मिळतात. भारत सरकार रुपयांत घेतलेलं कर्ज रुपयांत फेडतं, आणि रुपया त्याच्याच छापखान्यात तयार होतो. त्यामुळे शंभर रुपये मिळतीलच. शंभर रुपयांत तेव्हा काय मिळेल, हे कुठल्याच रोख्यावर लिहिलेलं नसतं. ज्याचा पुढचा खर्च रत्नागिरीत आहे त्यानं रुपयांत ठेवणं बरोबर. ज्याची मुलगी कॅनडात शिकणार आहे त्यानं पुन्हा विचार करावा.

बहारीनची अडचण याच्या उलटी. दिनार २००१ पासून अधिकृतपणे डॉलरला बांधलेला आहे, एक डॉलर ०.३७६ दिनार. म्हणून दिनार घसरत नाही, आपल्याला ते सोयीचं वाटतं. पण तो तसा ठेवायला सरकारजवळ डॉलर लागतात, आणि सरकारनं डॉलरमध्ये कर्ज काढलं तर ते छापून फेडता येत नाही. तेल उतरल्यावर २०१६ साली बहारीनचं मानांकन गुंतवणुकीच्या दर्जाखाली गेलं. २०१८ च्या उन्हाळ्यात इथल्या रोख्यांच्या किमती कोसळल्या. ऑक्टोबरमध्ये सौदी, अमिराती आणि कुवेत यांनी १००० कोटी डॉलरचा हात दिला तेव्हा बाजार शांत झाला. पैसे कुणाचे बुडाले नाहीत. पण "सरकारी" हा एक शब्द सगळ्या सरकारांना सारखा लागू पडत नाही, एवढं त्या उन्हाळ्यात मला समजलं.

धातूवाली म्हणून एक गोष्ट सांगायचा मोह होतो. व्याज नको असलेल्या बँकांसाठी बहारीननं २००१ साली सुकूक अल् सलम काढले. अडीच कोटी डॉलरचे, ९१ दिवसांचे. सरकार ॲल्युमिनियम आधीच विकतं, पैसे आज घेतं, माल तीन महिन्यांनी द्यायचा. आपल्या कोकणात आंब्याची बाग मोहोरावर असतानाच व्यापाऱ्याकडून उचल घेतात ना, तसंच. हिशोब जवळजवळ ट्रेझरी बिलाचाच. तरी मला तो आवडतो, कारण त्यात काय विकलं आणि कुणाला, हे उघड लिहिलेलं असतं.

आता दादांकडे येते. चौदा टक्क्यांच्या पत्रकाबद्दल मी त्यांना सांगितलं, की हे सरकारचं कर्ज नाही. कंपनी चांगली असेलही, पण सरकार सात टक्क्यांच्या आसपास देत असताना कुणी दुप्पट देतो म्हणतो, तेव्हा तो उगाच उदार झालेला नसतो. त्याला कमी दरानं कुणी देत नसतं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "मग तुमच्या त्या रिझर्व्ह बँकेच्या खात्याचं तरी खरं कशावरून?"

मला हा प्रश्न फार आवडला. मी कॉफीच्या दुकानात हा विचारला नव्हता. मी म्हटलं, खरं आहे, माझ्यावरही विश्वास ठेवू नका. सुट्टीत गावी जाल तेव्हा स्वतः खातं उघडा, आणि आधी फक्त दहा हजारांची ९१ दिवसांची हुंडी घ्या. वारस म्हणून वहिनींचं नाव लावा, आणि पासवर्ड कुठे लिहिलाय ते त्यांना दाखवा. सगळा व्यवहार एकट्या पुरुषाच्या फोनमध्ये कोंडून ठेवायची आपल्याकडे वाईट खोड आहे.

त्यांनी तसंच केलं. ओळखपत्राची पडताळणी दोनदा अडकली, पॅनवरचं आणि पासपोर्टवरचं नाव जुळेना, त्यात त्यांचे आठ दिवस गेले. बुधवारी लिलाव झाला. दहा हजार भरायचे होते, खात्यातून थोडे कमीच कापले गेले, म्हणून त्यांनी काळजीनं मला फोन केला. मी म्हटलं, दादा, कमी कापले ते तुमचं व्याज आहे. मग सुट्टी संपवून ते परत आले आणि आमच्या प्रयोगशाळेतल्या कॅलेंडरवर, जिथे आम्ही नमुने मिठाच्या फवाऱ्यातून काढायच्या तारखा लिहितो, तिथे त्यांनी स्वतःची एक तारीख लिहिली.

त्या दिवशी सकाळी ते आले. बोलले काही नाहीत, मोबाइल पुढे केला. बँकेचा संदेश होता. दहा हजार रुपये जमा. मी अभिनंदन केलं. त्यांनी मोबाइल खिशात ठेवला आणि म्हणाले, "ताई, वहिनीनं आधीच बघितलं होतं. तिनं विचारलंय, तीनशे चौसष्ट दिवसांची बोली कुठल्या बुधवारी आहे?"